कार्यशाळा झाली, प्रमाणपत्रं वाटली, तरी इन्चार्ज सिस्टर निर्णय का घेत नाहीत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही नुकत्याच नर्सिंग सुपरिटेंडंट झालात. वॉर्ड इन्चार्ज आणि काही ज्येष्ठ स्टाफ नर्सेससाठी दोन दिवसांची नेतृत्व कार्यशाळा घेतलीत. अभिप्राय छान आले, फोटो निघाले आणि महिनाभरात सगळं जैसे थे. ड्युटी बदलून हवी तरी फोन तुम्हाला, सक्शन मशीन बंद पडलं तरी फोन तुम्हाला. आयसीयूतल्या सगळ्यात तयार सिस्टरला इन्चार्ज केलंत, तर ती आता रडकुंडीला आली आहे. ज्युनिअर मुलं-मुली डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाहीत. शेवटी विचारलंय की पुढच्या प्रशिक्षणात कोणते विषय घ्यावेत आणि जिला अख्खा वॉर्ड टरकून असतो त्या एका जुन्या इन्चार्जचं काय करावं.

विषयांची यादी सांगायला मला पाच मिनिटं लागतील, पण ती घेऊन तुम्ही परत त्याच जागी याल. तुमच्या इन्चार्जना निर्णय घेता येत नाही असं मला वाटत नाही. रात्री दोन वाजता एकाच वेळी दोन पेशंट बिघडले की कुणाकडे आधी धावायचं हे त्या कुणालाही न विचारता ठरवतात. प्रश्न असा आहे की तुमच्या रुग्णालयात निर्णय घेऊन त्यांच्या पदरात काय पडतं? बरोबर ठरला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, चुकला तर मेमो. अशा ठिकाणी प्रत्येक गोष्ट वर विचारणं हाच शहाणपणा असतो आणि त्या शहाण्या आहेत. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की क्रम उलटा करा. आधी थोडा पण खराखुरा अधिकार द्या, तो वापरताना मागे उभ्या राहा आणि प्रशिक्षण त्यानंतर द्या. इथून पुढे जे लिहितेय ते सगळं याच्याच पोटातलं आहे.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगून टाकते. पहिली म्हणजे माणसं किती आहेत. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांवरचा अभ्यास 2002 साली प्रसिद्ध केला. शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये दर नर्समागे एक रुग्ण वाढला की 30 दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढलेली त्यात दिसली. पुढे 2014 मध्ये युरोपातल्या 9 देशांच्या अभ्यासातही आकडा तोच निघाला. सांगायचं कारण असं की ज्या वॉर्डात नर्सला इंजेक्शनं संपवता संपवता पाणी प्यायला फुरसत नाही, तिथे नेतृत्वविकासाची भाषा ऐकून लोक चिडतात, आणि त्यांचं चिडणं बरोबर असतं. तिथे तुमचं पहिलं काम म्हणजे व्यवस्थापनाशी संख्येवरून भांडणं.

दुसरं, तुमच्या इन्चार्जकडे स्वतःचे पेशंटही असतात का? असतील तर तिला वॉर्डाकडे बघायला वेळच उरत नाही, तिच्याकडून काही अपेक्षा करणंच अन्यायाचं आहे. तिसरं, बढती फक्त सेवाज्येष्ठतेनेच होते का. तसा नियम असेल तर तो बदलणं तुमच्या हातात नसेल, पण शिफ्टचा चार्ज कुणाकडे द्यायचा हे बहुतेक ठिकाणी तुमच्याच हातात असतं आणि सुरुवातीला तेवढं पुरतं. चौथं म्हणजे डॉक्टरांमधले वरिष्ठ तुमच्या बाजूने आहेत का. निदान एक तरी हवा. एकही नसेल तर खाली लिहिलेल्यातलं निम्मं करता येणार नाही आणि आधी तो एक माणूस शोधावा लागेल.

आता मुद्द्याकडे येते. नर्सिंगमधलं नेतृत्व म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे इन्चार्जची खुर्ची येते. मी सुरुवात तिथून करत नाही, खाटेपासून करते. ड्युटीवरची सगळ्यात नवीन मुलगी जेव्हा सांगते की ‘सर, थांबा, हा पेशंट ठीक नाही’, तेव्हा त्या क्षणी ती नेतृत्व करत असते. हे नसेल तर वरच्या खुर्चीत कुणीही बसवा, फरक पडत नाही.

2005 साली इंग्लंडमध्ये एलेन ब्रोमिली नावाच्या तरुण बाई सायनसच्या साध्या ऑपरेशनसाठी दाखल झाल्या. भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर पुन्हा पुन्हा नळी घालण्याचा प्रयत्न करत राहिले आणि वेळ निघून गेली. खोलीतल्या एका नर्सने ट्रेकिऑस्टॉमीचा, म्हणजे गळ्याला छेद देऊन श्वासाची वाट करण्याचा, सेट आणून ‘तयार आहे’ असं सांगितलं. दुसरीने आयसीयूत फोन करून बेडची सोय केली. पण डॉक्टरांनी जणू ती उगाच बाऊ करतेय अशा नजरेने पाहिलं आणि तिने तो बेड रद्द केला. काही दिवसांनी एलेन गेल्या. त्यांचे पती विमानाचे पायलट. चौकशीत काय निघालं ते त्यांनी जगभरच्या आरोग्य कर्मचाऱ्यांपुढे मांडलं. मी ही हकीकत नव्या बॅचला नेहमी सांगते आणि विचारते की त्या दोघींना ज्ञान कमी होतं का? अजिबात नाही. काय करायला हवं हे त्यांना कळलं होतं. कमी होती ती फक्त ‘मी हे ठामपणे म्हणू शकते आणि म्हटलं तर माझं ऐकलं जाईल’ ही खात्री. ही खात्री व्याख्यानातून येत नाही, ती संस्थेने द्यावी लागते.

ती कशी द्यायची याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण अमेरिकेतले डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट यांचं आहे. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाच्या आयसीयूत सेंट्रल लाइन, म्हणजे मोठ्या शिरेत जाणारी नळी, घालताना पाळायच्या पाच साध्या गोष्टींची यादी त्यांनी 2001 साली केली. हात धुणं, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणं, निर्जंतुक आच्छादन वापरणं, अशा सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी. यादीत नवीन काहीच नव्हतं. नवीन हे होतं की डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर त्याला थांबवायचा अधिकार नर्सला दिला गेला, आणि प्रशासन तिच्या मागे उभं राहील असं उघड सांगितलं गेलं. पुढे मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंमध्ये हेच राबवलं गेलं. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दीड वर्षात लाइनमुळे होणारे रक्तसंसर्गांमध्ये 66 टक्क्यांपर्यंत घट झाली. लोक या गोष्टीतून फक्त चेकलिस्ट उचलतात आणि भिंतीवर चिकटवतात. थांबवायचा अधिकार मात्र तिथेच सोडून येतात.

तुमच्याकडे अशी एकच जागा निवडा. लाइन असेल, रक्त चढवण्यापूर्वीची तपासणी असेल किंवा ऑपरेशनआधी ‘बरोबर पेशंट, बरोबर बाजू’ हे मोठ्याने म्हणणं असेल. वैद्यकीय प्रमुखांच्या सहीने लेखी काढा की इथे नर्सने ‘थांबा’ म्हटलं की काम थांबेल. मग वाट बघा. कधी ना कधी एखादे मोठे डॉक्टर थांबायला नकार देतील आणि तक्रार तुमच्या टेबलावर येईल. तुमची खरी कार्यशाळा ती. त्या दिवशी तुम्ही कुणाची बाजू घेता हे संध्याकाळच्या ड्युटीपर्यंत प्रत्येक वॉर्डाला कळलेलं असेल.

अधिकारासोबत बोलायची रीतही द्यावी लागते, कारण आपल्याला शिकवलेलं असतं ते आडून बोलायला. रात्रीचा फोन कसा जातो ते तुम्ही हजार वेळा ऐकलं असेल. ‘सर, सात नंबरचे पेशंट जरा अस्वस्थ वाटतायत.’ पलीकडून झोपेतला आवाज, ‘बीपी किती?’ ‘बघून सांगते सर.’ फोन बंद. यात डॉक्टरला दोष देऊन उपयोग नाही, त्याला उठून यावं असं काही सांगितलंच गेलेलं नाही.

एसबार नावाची पद्धत तुम्हाला माहीत असेल. मुळात अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतली, नंतर रुग्णालयांत आली. सध्याची स्थिती, पार्श्वभूमी, तुमचं निदानवजा मत आणि तुमची मागणी, या क्रमाने बोलायचं. तोच फोन आता असा होतो: ‘सर, सर्जिकल वॉर्डातून स्टाफ नर्स बोलतेय, सात नंबरच्या पेशंटबद्दल. काल दुपारी पोटाचं ऑपरेशन झालंय. श्वास 26, पल्स 118, बीपी 92 वर 60, सॅच्युरेशन 95, ताप नाही, शुद्धीत आहेत. वॉर्निंग स्कोअर 8 आहे. गेल्या दोन तासांत युरिन तीस मिलीच्या वर नाही. मला आत रक्तस्राव होत असावा असं वाटतंय. तुम्ही आत्ता यावं. तोवर रक्त जुळवायला क्रॉसमॅच पाठवू का?’

यातली पहिली दोन पावलं कुणीही आठवड्यात शिकतं. अडतं ते तिसऱ्या आणि चौथ्यावर. ‘मला असं वाटतंय’ आणि ‘तुम्ही यावं’ ही दोन वाक्यं म्हणताना चांगल्या चांगल्या सिस्टरची जीभ अडखळते, कारण निदान करणं आपलं काम नाही हे इतकी वर्षं मनात भरवलेलं असतं. म्हणून सराव घेताना मी आकडे-बिकडे सोडून फक्त ही दोन वाक्यं म्हणून घेते. ओव्हर घेताना, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंटची माहिती घेताना, रोज, एका पेशंटबद्दल. ‘याचं पुढच्या सहा तासांत काय होईल असं तुला वाटतं?’ उत्तर चुकलं तरी चालतं. पण ‘माहीत नाही’ हे उत्तर चालत नाही. काही आठवड्यांत मुली स्वतःहून मत सांगायला लागतात.

वर स्कोअर म्हटलं तो ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2012 साली आणलेला आणि 2017 मध्ये सुधारलेला न्यूज स्कोअर. श्वास, ऑक्सिजन, बीपी, नाडी, शुद्ध, तापमान यांना गुण द्यायचे. एकूण 5 झाले की तातडीने डॉक्टरांनी पाहायचं, 7 किंवा वर गेले की आणीबाणी. रुग्णासाठी तो उपयोगी आहेच, पण ज्युनिअरला त्याचा आणखी एक फायदा होतो जो फारसा कुणी बोलून दाखवत नाही: त्यामुळे तिला आधार मिळतो. ‘मला भीती वाटली म्हणून उठवलं’ आणि ‘स्कोअर 8 होता म्हणून उठवलं’ यात नोकरीला सहा महिने झालेल्या मुलीसाठी जमीन-अस्मानाचा फरक असतो. वैद्यकीय प्रमुखांकडून एवढं एक लिहून घ्या: ठरलेल्या मिनिटांत ऑन-कॉल डॉक्टर आला नाही तर नर्स थेट त्याच्या वरिष्ठाला फोन करेल आणि त्यावरून तिला कुणी जाब विचारणार नाही.

एक उपयोगी शिडी अमेरिकेतल्या 2006 सालच्या एका टीम-प्रशिक्षण कार्यक्रमातून आली आहे. आधी ‘मला काळजी वाटतेय’, मग ‘मला हे बरोबर वाटत नाही’, आणि तरीही ऐकलं नाही तर ‘हे पेशंटसाठी सुरक्षित नाही, थांबूया’. हे तीन टप्पे डॉक्टरांनाही शिकवा, नाहीतर नर्स तिसऱ्या पायरीवर पोचलेली असते आणि समोरच्याला वाटतं ती नुसती कुरकुरतेय.

आता इन्चार्जकडे वळू. आयसीयूतल्या तुमच्या हुशार सिस्टरबद्दल वाचून वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. हाताने उत्तम असणं आणि वॉर्ड चालवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्यात सगळं स्वतः करण्याची सवय लागते आणि दुसऱ्यात नेमकी तीच आड येते. कठीण आयव्ही असली की ती स्वतः जाते, नातेवाईक भडकले की स्वतः जाते, इंडेंट, म्हणजे सामानाची मागणी, स्वतः भरते आणि ड्युटी संपल्यावर दोन तास बसून रजिस्टर पुरं करते. तिला अजून एक कोर्स देऊ नका. तिच्यासोबत एक पूर्ण शिफ्ट वॉर्डात उभ्या राहा आणि तिने केलेल्या प्रत्येक कामापुढे फक्त एवढंच लिहा की हे आणखी कुणाला करता आलं असतं का. शिफ्टच्या शेवटी तो कागद तिच्या हातात द्या. मोठं भाषण करायची गरज पडत नाही.

इन्चार्जच्या कामातली सगळ्यात शिकवणारी गोष्ट कोणती असं कुणी विचारलं तर मी शिफ्टच्या सुरुवातीचं पेशंटवाटप सांगेन. बहुतेक वॉर्डांत ते खाटेच्या नंबरने होतं: एक ते सहा तुला, सात ते बारा तिला. दिसायला न्याय्य, प्रत्यक्षात एकीकडे तीन ड्रेन, दोन ट्रान्सफ्यूजन आणि एक भ्रमात गेलेले आजोबा, दुसरीकडे उद्या डिस्चार्ज होणारे सहा. याऐवजी इन्चार्जला विचारायला लावा: आज सगळ्यात नाजूक पेशंट कोणते, ते कुणाच्या हातात सुरक्षित राहतील, नवीन मुलीला त्यातला एक द्यायचा तर तिच्या शेजारी कोण असेल, जेवणाच्या सुट्टीत कोण कुणाचे बघेल, आणि अचानक ॲडमिशन आली तर ती कुणाकडे जाईल. या पाच मिनिटांच्या कामात माणसांची पारख, धोक्याचा अंदाज, शिकवणं आणि न्याय सगळं येतं. ‘मला जास्त का?’ असा प्रश्न येतो तेव्हा कारण सांगायची ताकदही इथेच तयार होते. मला एखाद्या वॉर्डाचा अंदाज घ्यायचा असला की मी रजिस्टर बघत नाही, सकाळी वाटपाच्या वेळी बाजूला उभी राहते.

उद्याच्या इन्चार्ज तयार करायच्या तर आजच्या ज्येष्ठ स्टाफ नर्सला शिफ्टचा चार्ज पाळीने द्या. सुरुवात दिवसाच्या, बऱ्यापैकी शांत शिफ्टने करा. पहिल्यांदाच नाइटचा चार्ज गळ्यात मारणं म्हणजे पोहायला शिकवायला पुरात ढकलणं. इन्चार्ज वॉर्डातच असावी, पण त्या दिवशी तिने हाती पेशंट घ्यावेत आणि कुणी काही विचारायला आलं तर ‘आज चार्ज तिच्याकडे आहे’ एवढंच म्हणावं. हे जुन्या इन्चार्जना फार जड जातं. हात शिवशिवतात, तोंडावर उत्तर असतं. जीव धोक्यात असेल तर अर्थातच मध्ये पडायचं, बाकी नाही. शिफ्ट संपल्यावर दहा मिनिटं दोघींनी दार लावून बसायचं: आज काय ठरवलंस, का ठरवलंस, पुन्हा आलं तर काय वेगळं करशील. चुका पेशंटसमोर किंवा मावशींसमोर काढायच्या नाहीत, हा नियम मोडणाऱ्या इन्चार्जला मी पाळीतून काढते.

तुम्हाला येणाऱ्या फोनचं आता बोलू. एक दुपार सगळ्या इन्चार्जना घेऊन बसा आणि गेल्या महिन्यात तुम्हाला विचारलेल्या गोष्टी फळ्यावर लिहा. मग त्या तीन गठ्ठ्यांत टाका: न विचारता करायच्या, करून कळवायच्या आणि विचारूनच करायच्या. वॉर्डातल्या वॉर्डात ड्युटीची अदलाबदल पहिल्यात. बंद पडलेल्या मशीनची तक्रार आणि शेजारच्या वॉर्डातून तात्पुरतं मशीन आणणं पहिल्यात. शेजारच्या वॉर्डाला दोन तासांसाठी माणूस देणं, भेटायला आलेल्या गर्दीला बाहेर काढणं, डॉक्टर येत नाही म्हणून त्याच्या वरिष्ठाला उठवणं हे दुसऱ्यात. पोलिसांत जाईल असं प्रकरण, औषधाची गंभीर चूक, कर्मचाऱ्यावर कारवाई हे तिसऱ्यात. कुठली गोष्ट कुठे हे तुमच्या रुग्णालयाचे नियम पाहून ठरेल, माझी यादी उतरवून घेऊ नका. वाद घालत घालत ती यादी करणं यातच निम्मं काम होतं, कारण एखादी इन्चार्ज हळूच म्हणते, ‘हे आम्ही आधीपासून करू शकत होतो?’

यादी लागल्यावर कठीण भाग तुमच्या वाट्याला येतो. सवयीने फोन येणारच. पहिल्या गठ्ठ्यातलं असेल तर उत्तर देऊ नका, विचारा, ‘तुमचं काय म्हणणं आहे?’ आणि गप्प राहा. शांतता लांबते, राहू द्या. तिने काही सांगितलं आणि ते तुम्ही केलं असतं त्यापेक्षा वेगळं असलं, पण सुरक्षित असलं, तर ‘करा’ म्हणा. वेगळं म्हणजे चूक नव्हे हे मान्य करणं वरच्या खुर्चीत बसलेल्याला अवघड जातं. आणि कधी तिचा निर्णय खरंच फसला, पण हद्दीतला होता, तर चारचौघांत तो तुमचा निर्णय म्हणून मिरवा, चर्चा नंतर एकांतात. नातेवाइकांसमोर किंवा डॉक्टरांसमोर तुम्ही एकदा जरी इन्चार्जचा निर्णय फिरवलात तर ती पुढचं वर्षभर प्रत्येक गोष्ट विचारून करेल, आणि तिच्याकडे पाहून बाकीच्याही.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट म्हणजे चुकांची नोंद. अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना उलटंच चित्र दिसलं: ज्या विभागांत नेतृत्व आणि एकमेकांशी नातं चांगलं, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. बारकाईने पाहिल्यावर कळलं की तिथे लोक बोलायला घाबरत नव्हते. बाकीकडे चुका लपत होत्या. तुम्ही वरचे बदल सुरू केलेत की पहिल्या काही महिन्यांत तुमच्याकडेही इन्सिडेंट रिपोर्ट वाढतील. व्यवस्थापन विचारेल की नवीन मॅडम आल्यापासून चुका कशा वाढल्या. हे आधीच सांगून ठेवा. आणि स्वतः रिपोर्ट लिहिणाऱ्या नर्सला मेमो देण्याची प्रथा असेल तर ती आज, या आठवड्यात, बंद करा. हेतुपुरस्सर किंवा बेफिकिरीने केलेल्या गोष्टी अर्थात वेगळ्या, त्यांना माफी नको.

इथवरचं एका दमात सांगायचं तर: एक जागा जिथे नर्स थांबवू शकते, मत आणि मागणी म्हणायचा रोजचा सराव, पाळीने चार्ज आणि तीन गठ्ठ्यांची यादी. पहिल्या सहा महिन्यांसाठी यापेक्षा जास्त काही अंगावर घेऊ नका.

त्यानंतर आकड्यांकडे वळा. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की सगळ्यांना हातातला दिवा आठवतो. त्या लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या पहिल्या महिला सदस्य होत्या, हे नर्सिंग दिनाच्या भाषणांत सहसा येत नाही. क्रिमियन युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले हे त्यांनी 1858 साली रंगीत आकृत्या काढून सरकारपुढे ठेवलं. दिव्याने त्या वॉर्डात फिरल्या, पण लष्कर हललं ते आकड्यांनी. तुमच्या इन्चार्जकडे तिच्या वॉर्डाचे आकडे कुणाच्या हातून येतात? बहुतेक ठिकाणी त्या रजिस्टर भरून वर पाठवतात आणि परत काहीच येत नाही. पडझड, बेडसोअर, कॅन्युलाच्या जागी सूज, एवढे तीन आकडे दर महिन्याला तिच्या टेबलावर परत गेले पाहिजेत आणि त्यातलं एक काम तिने स्वतः निवडून हाती घेतलं पाहिजे.

लहानच काम असू दे. एका वॉर्डात मी एका ज्येष्ठ स्टाफ नर्सला सांगितलं की औषधं देताना तुला कोण कोण मध्येच तोडतं ते कागदावर रेघा मारून ठेव. तिला वाटत होतं नातेवाईक. आठवडाभराच्या रेघा मोजल्या तर सगळ्यात जास्त आडवा येत होता तो टेबलावरचा फोन, आणि त्याखालोखाल केसपेपर शोधणारे आपलेच लोक. तिने औषधांच्या वेळी फोन क्लार्ककडे वळवला आणि केसपेपरची ट्रॉली दुसऱ्या टोकाला नेली. कुणाची परवानगी लागली नाही, खर्च झाला नाही. पण पुढच्या मीटिंगमध्ये ती उभी राहून हे सांगत होती, आणि तिच्याकडे बघून मला कळलं की पुढचा शिफ्ट चार्ज कुणाला द्यायचा.

सगळ्यांना इन्चार्ज व्हायचं नसतं, हेही मान्य करा. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 साली नर्सच्या कौशल्याच्या नवशिकी ते तज्ज्ञ अशा पाच पायऱ्या मांडल्या. त्यातल्या शेवटच्या पायरीवरच्या नर्सला खुर्चीत बसवणं हीच काही तिची बढती नव्हे. जखमांची देखभाल, संसर्ग नियंत्रण, नव्या मुलींना शिकवणं यात तिला अधिकार आणि मान द्या. कदाचित तुमच्या आयसीयूच्या सिस्टरचं हेच खरं उत्तर असेल. काही महिने वर लिहिल्याप्रमाणे प्रयत्न करून बघा आणि तिला मोकळेपणी विचारा. परत खाटेपाशी जाणं म्हणजे पदावनती वाटणार नाही अशी जागा मात्र तुम्हाला आधी तयार करावी लागेल, वेतनासकट.

आणि हो, कार्यशाळा. बंद करू नका, तिचं रूप बदला. दोन दिवस सलग नको, महिन्यातून अर्धा दिवस पुरे. बाहेरचा वक्ता आणि प्रेरणादायी चित्रफिती नकोत. प्रत्येक इन्चार्जने त्या महिन्यात स्वतः घेतलेला एक निर्णय मांडायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. संघर्ष हाताळणं, अवघड बातमी सांगणं, बजेट वाचणं हे विषय त्या चर्चेतून आपसूक वर येतील, आणि मग त्या विषयाचा जाणकार बोलावलात तर लोक वही काढून बसतात.

राहिली तुमची जुनी इन्चार्ज. तिला बाजूला ठेवून बाकी सगळं सुरू करावं असा मोह होईल. तसं करू नका, कारण ज्युनिअरना बोलायला शिकवून तुम्ही त्यांना तिच्याच वॉर्डात परत पाठवणार आहात. तिच्याशी एकटीशी बोला, आणि ‘तुमचा स्वभाव कडक आहे’ अशी विशेषणं वापरू नका, त्यावर ती म्हणेल, ‘म्हणूनच माझा वॉर्ड शिस्तीत आहे.’ दोन घडलेले प्रसंग घ्या, तारखेसह. खाटेशेजारी रागावल्यामुळे एका मुलीने सॅच्युरेशन घसरल्याचं वेळेत सांगितलं नाही असा एखादा असेल तर तोच घ्या. तिचं म्हणणं पूर्ण ऐका. अशा सिस्टर बऱ्याचदा अशा काळात घडलेल्या असतात जेव्हा त्यांच्यावर याहून जास्त ओरडलं गेलं होतं. मग एकच मोजता येईल अशी गोष्ट ठरवा: पेशंटसमोर कुणालाही रागवायचं नाही. मुदत ठरवा. तिचा हात ज्यात चांगला आहे, बहुधा इमर्जन्सी असेल, त्याचं प्रशिक्षण तिच्याकडे सोपवा, म्हणजे तिच्या अनुभवाला जागा मिळेल. मुदतीनंतरही तेच चालू राहिलं तर तिचा चार्ज काढून घ्या, ती कितीही जुनी असली तरी.

बोलणं कुठून सुरू करावं सुचत नसेल तर तिला विचारा, शेवटचं कुठल्या ज्युनिअरने तुम्हाला ‘सिस्टर, थांबा’ म्हटलं होतं? तिला आठवलं तर तुमचं काम बरंच सोपं आहे. नाही आठवलं तर पुढचा अर्धा तास त्याच्यावरच बोला.